कानात सांगायचं नाव

"वन्सं, बारशाला तुमी हायेतच की. पण पाळण्यापाशी नगं," विजयमालानं मेथी निवडता निवडता सांगून टाकलं. मान काही वर केली नाही.

धोंडूबाई नुकतीच दवाखान्यातल्या ड्यूटीवरून आली होती. पायांवर पाणी घ्यायला मोरीकडं निघालेली, ती दारातच थांबली. पाळण्यापाशी नको म्हणजे काय, हे तिला फोड करून सांगायची गरज नव्हती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. बाळाचा बाप, भाचा दिग्विजय, एकुलता एक, त्याला बहीण नाही. म्हणून घरात आत्या म्हणावी अशी ही एकच, त्याच्या बापाची थोरली बहीण. मागच्या खेपेला पाळण्यावर तीच वाकली होती.

"मग नाव कोण सांगणार?"

"देवयानी येतीया कुर्डुवाडीस्नं. चुलत का हुईना, आत्याच की ती."

"सूनबाई म्हणली व्हय असं, दिपाली?"

"कुणी म्हणलं न्हाई. आमचंच आपलं ठरलं," विजयमाला म्हणाली आणि हातातली जुडी न निवडताच देठासकट पातेल्यात टाकली. भावजयीला खोटं बोलता येत नाही, हे धोंडूबाईला तीस-पस्तीस वर्षांपासून ठाऊक होतं.

एरवी ती गप्प बसणारी बाई नव्हे. दवाखान्यात एखाद्या बाळंतिणीच्या नवऱ्यानं आवाज चढवला तर त्याला जिन्यापर्यंत पोचवून येणारी. पण त्या दिवशी ती नुसतं "बरं" म्हणाली आणि मोरीत गेली. त्या "बरं"नं विजयमालाला पुढची जुडी निवडवेना.

आता धोंडूबाई हे नाव ऐकून शहरातली माणसं गालातल्या गालात हसतात. हसोत बापडी. धोंडा म्हणजे दगड, एवढं तर त्यांनाही कळतं. ते का ठेवलं, हे विचारायचे कष्ट कुणी घेत नाही. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या ज्ञानबा बंडगराच्या घरी तिच्याआधी दोन मुलगे झाले आणि दोन्ही पाळण्यातच गेले. देवादिकांची देखणी नावं होती त्यांची. तिसऱ्या खेपेला म्हाळसाबाईनं, म्हणजे हिच्या आईनं, शहाण्यासारखा विचार केला. तिनं जन्मलेलं पोर सुइणीला देऊन टाकलं, ओंजळभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतलं आणि नाव ठेवलं धोंडू. कोंड्याच्या मोलानं आणलेलं पोर, त्यातून दगड. दारात मरण उभं असेल तर त्यानं बघावं, यात नेण्यासारखं काही नाही म्हणावं आणि पुढच्या घराला जावं, अशी ती युक्ती. युक्ती लागू पडली, पोर जगली. मग तिच्या पाठीवर मुलगा झाला, त्याचं नाव मात्र जोतिराम. मरणाला एकदा फसवून झालं होतं, आता घरात देव आणायला हरकत नव्हती.

धोंडूबाईचा राग तिथला आहे. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा पोरं पायानं जमिनीवरचे खडे उडवायची. चौथीनंतर तिनं पाटी ठेवली ती ठेवलीच. एकच आशा होती. लग्नात नाव बदलतं. आणि बदललंही. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं अक्षरं कोरली, रुक्मिणी. ती ताटाकडं इतका वेळ बघत राहिली की बायकांनी चेष्टा केली, पोरीला भूक लागली वाटतं. तीन वर्षं ती रुक्मिणी होती. नवऱ्यानं, शहाजीनं, जत्रेत जाऊन दंडावर तिचं नाव गोंदवून घेतलं. त्या तीन वर्षांत कुणी हाक मारली तर ती लगेच ओ द्यायची नाही. दुसऱ्यांदा ऐकायला मिळावं म्हणून थांबायची.

मूल झालं नाही. शहाजीनं दुसरी आणली आणि हिला माहेरी धाडलं. दुसरीचंही नाव ठेवलं रुक्मिणीच, कारण दंडावर तेच होतं. दंड बदलता येत नव्हता, बायको बदलता येत होती. अशी रुक्मिणी तिकडंच राहिली आणि धोंडू माळावर परत आली.

पुढं जोतिराम एसटीच्या वर्कशॉपला लागला, सोलापुरात आला आणि बहिणीला घेऊन आला. तेवढं त्याचं चांगुलपण मानलंच पाहिजे. तिला एका खाजगी बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं. तिथं ती सगळ्यांची मावशी झाली. डॉक्टरीणबाई मावशी म्हणायच्या, पेशंट मावशी म्हणायचे, गेटवरचा गुरुशांतसुद्धा मावशी म्हणायचा. घरी भाऊ अक्का म्हणायचा. नाव उच्चारायची वेळच कुणावर येत नव्हती आणि तिला तेच हवं होतं. नवीन सुनेला, दिपालीला, ते कळलं रेशनकार्डावरून.

तरी गंमत बघा, ज्या बाईला स्वतःचं नाव नको, तिचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या नावांत जायचा. सोलापूरचा दवाखाना म्हणजे एका खाटेवर कन्नड, शेजारी तेलुगू, पलीकडं मराठी, खिडकीपाशी दखनी. बाळ जन्मलं की सगळ्यांचा विषय एकच. धोंडूबाई लादी पुसता पुसता विचारायची, "म्हंजी काय व्हतं ओ त्याचं?" अर्थ कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. अर्थ चांगला निघाला तर खूश व्हायची. आणि हल्लीच्या काही नावांना अर्थच नसतो, नुसता कानाला गोड आवाज, त्यांच्यावर तिचा रागही नव्हता. आवाज तर आवाज, दगडापेक्षा बरा, असं ती म्हणायची.

तर अशा बाईनं दीड वर्षापूर्वी दिग्विजयच्या पहिल्या मुलाच्या कानात नाव सांगितलं. शौर्य. अर्थ तिनं आधी विचारून घेतला होता. आपल्या तोंडून कुणाला तरी चांगलं नाव मिळतंय, याचं तिला कोण कौतुक. पुढच्याच महिन्यात एका दुपारी ते बाळ झोपेतच गेलं. डॉक्टरांनी काहीतरी इंग्रजी शब्द सांगितला. तो घरातल्या कुणाच्या ध्यानात राहिला नाही. ध्यानात राहिलं ते दिपालीचं बोलणं. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली होती, "दगडाच्या तोंडून नाव गेलं. दगडच होणार होतं त्याचं."

दार उघडं होतं. धोंडूबाई तिच्यासाठी ऊन ऊन भात घेऊन उंबऱ्याशी आली होती. ती तशीच मागं फिरली, ताट झाकून ओट्यावर ठेवलं आणि त्यानंतर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ऐकलं होतं, हेसुद्धा कुणाला कळू दिलं नाही.

दिपाली वाईट पोरगी नव्हे. फार्मसी शिकलेली, विजापूर रोडला औषधाच्या दुकानात कामाला, हिशोबानं बोलणारी. पण दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं आत्या जिथं काम करते तो दवाखाना सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला नाव घातलं. "तिकडं लिफ्ट आहे," असं कारण सांगितलं. धोंडूबाईनं हजारो पोरं पहिल्यांदा पुसून कापडात गुंडाळली असतील. आपल्याच घरचं तेवढं तिच्या हातात यायचं नव्हतं.

त्याच दिवसांत दवाखान्यात ती गोष्ट झाली. नरसम्मा नावाची एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन सारखी "पेंटय्या, पेंटय्या" म्हणत होती. पद्मशाली घरातली, नवरा साऱ्या हयातीत मागावर बसलेला. धोंडूबाईनं नेहमीचा प्रश्न विचारला. म्हातारी म्हणाली, "पेंट म्हणजे उकिरडा रे मावशी. याच्या आधीचा गेला की. कागदावर श्रीनिवास आहे, बरं का. पण घरात पेंटय्या."

धोंडूबाईच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. शेजारच्या खाटेवर दुधनीची दाक्षायणी होती. ती उठून बसली. "आमच्यात पण हाय की ओ! माझा सासरा तिप्पण्णा. तिप्पे म्हणजे तेच की, उकिरडा." खिडकीपाशीची रेश्मा हसत म्हणाली, "हमारे दादा का नाम फकीरसाब. उनके उप्पर के तीन गुजर गए थे ना, इसके वास्ते फकीर बोल के रख्ये. फकीर के घर से कौन क्या लेके जाता?"

त्या संध्याकाळी जेवताना धोंडूबाईनं हे सगळं जोतिरामला सांगितलं. तिचे डोळे चमकत होते. एवढी वर्षं तिला वाटत होतं, ही वेडी युक्ती फक्त आपल्या माळावरची, आपल्या आईची. आणि इथं प्रत्येक भाषेत एकेक म्हाळसाबाई बसलेली निघाली. मरणाला काय चार भाषा येत नसतील, असंही ती म्हणाली आणि स्वतःच हसली. जोतिराम हसला. दिपाली हसली नाही. ती ताटावरून अर्धपोटी उठली आणि खोलीत गेली. आपण भलत्या वेळी भलतं बोललो, म्हणून धोंडूबाईनं स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

मुलगी झाली ती संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना. पहिले काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, कावीळ आणि थोडा श्वासाचा त्रास. पुढं ती चांगली सुधारली, अंगानं भरली, डॉक्टरांनी घरी सोडलं. पण दिपाली काही सैल झाली नाही. पोरीला ती नुसतं "बाळ" म्हणायची, तेही कमीच. नाव मात्र तिनं आधीच ठरवलं होतं, अक्षता. क्षत म्हणजे जखम, जिला जखम नाही ती अक्षता, असं तिनं घरात सगळ्यांना सांगितलं होतं. धोंडूबाईला तो अर्थ फार आवडला. तांदूळ निवडताना अक्षतेसाठी तुकडा चालत नाही, अख्खा दाणाच लागतो, हे तिला माहीत होतं. पण त्या शब्दाच्या पोटात हे दडलेलं आहे, हे नव्हतं. हे नाव आपल्या तोंडून जावं, असं तिला वाटलं. फार वाटलं. आणि मग मेथी निवडता निवडता विजयमालानं ते सांगून टाकलं.

बारशाच्या दिवशी धोंडूबाईनं रजा घेतली नसती तर बरं झालं असतं, असं तिला सकाळपासून वाटत होतं. हॉलमध्ये पाळणा टांगला होता. गल्लीतल्या बायका आल्या होत्या, देवयानी गाडीनं वेळेवर येऊन, नवी साडी नेसून, पाळण्याशेजारी बसलीही होती. धोंडूबाई मागच्या पडवीत घुगऱ्यांच्या पातेल्याशी बसली. तिथून हॉल दिसत नव्हता. मुद्दामच बसली होती तिथं.

"आत्या."

दिपाली दारात उभी होती. अंगावर हिरवी साडी, मनगटभर बांगड्या, आणि तोंड मात्र तापातून उठल्यासारखं. तिनं मागचं दार लोटून घेतलं.

"बाळ कुटं हाय?"

"आईंच्या मांडीवर. आत्या, नाव तुम्हीच सांगा. देवयानीताईंना मी सांगते काहीतरी."

धोंडूबाईच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. दीड वर्षानं छातीवरचं कुणीतरी काहीतरी उचललं असं तिला वाटलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

"पण कानात आधी ते नाव सांगायचं," दिपाली हळू आवाजात म्हणाली. "फक्त कानात. कुणाला ऐकू जाणार नाही. मग मोठ्यानं अक्षता म्हणा."

"कंचं नाव?"

"तुमचं."

धोंडूबाई अर्धी उठलेली, परत खाली बसली.

"तुम्हीच सांगितलं होतं ना जेवताना? सगळीकडे करतात. तेलुगू लोकांत करतात, कानड्यांत करतात." दिपाली भराभर बोलत होती. "माझा विश्वास नाही यावर. दुकानात मी रोज लोकांना सांगते, अंगारे लावू नका, गोळ्या पूर्ण घ्या. पण ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसते. मला नाही सहन होणार पुन्हा. आणि तुम्ही जगलात ना, आत्या?"

आतून विजयमालानं हाक मारली, "दिपाले, मुहूर्त चाललाय!"

"व्हय, जगले," धोंडूबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मरण दारात आलं, त्यानं बगितलं, दगुड हाय म्हणलं आन फुडं गेलं. खरं हाय. पर त्याच्या मागनं जे जे आलं त्यानं बी तसंच केलं की. नवरा आला, त्यानं बगितलं, दगुड हाय. शाळा आली, तसंच. मला मरणानं उचललं न्हाई दिपाले, आन मग कुणीच उचललं न्हाई. तू बी म्हणलीस की. दगडाच्या तोंडनं नाव गेलं म्हणून."

दिपालीचं तोंड पांढरं पडलं.

"ऐकलं होतं तुम्ही?"

"दार उगडं हुतं."

आता ही रडेल, पाया पडेल, असं कुणालाही वाटलं असतं. दिपालीनं तसं काही केलं नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "मी माफी मागायला आले नाही," ती म्हणाली. "ती मी मागेन, केव्हाही मागेन. आत्ता मला माझी पोरगी जगायला हवी. तिला पुढं काय म्हणायचं ते म्हणूदेत लोक. जगली तर ऐकून घेईल ती."

म्हाळसाबाईनंही त्या दिवशी असंच म्हटलं असेल, बहुतेक याच तोंडानं. आईचा इतका राग केला आपण जन्मभर. ती अशीच दाराला पाठ लावून उभी राहिली असेल, हे आपल्या कधी डोक्यात आलं नाही, याचं धोंडूबाईला वाईट वाटलं.

"सांगाल ना?"

"चल. बायका खोळंबल्यात," एवढंच ती म्हणाली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

देवयानी उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला, बायकांत कुजबुज झाली. विजयमालानं एकदा नणंदेकडं, एकदा सुनेकडं बघितलं आणि कुंकवाची वाटी उगाचच इकडची तिकडं ठेवली. आपल्याकडच्या बायका बाळाचं नाव ठेवायला जमतात आणि जमल्या की बाळाच्या आयाआत्यांना नावं ठेवतात. एका टिंबाचाच काय तो फरक. धोंडूबाईला ती कुजबुज ऐकू येत होती. पण तिचं लक्ष तिकडं नव्हतं. म्हणावं तर काय होईल आणि न म्हणावं तर काय होईल, हे ती जात्यासारखं मनात फिरवत होती.

न म्हणावं, आणि उद्या पोरीला काही झालं तर? मग हे दुसरं लेकरू. मग या घरात तिला तोंड दाखवायला जागा नाही, आणि घराचं सोडा, तिचं तिलाच ते कसं सोसणार? म्हणावं, तर दोन शब्दांचं काम. कानातलं कानात राहील. पण राहतं का? नरसम्माच्या नातवाचं नाव कागदावर श्रीनिवास होतं, आणि हाक काय मारत होती म्हातारी? ही आई आहे. पोरीला जरा ताप आला की हिच्या जिभेवर कानातलंच नाव येणार. आधी तापात, मग दृष्ट लागेल म्हणून चारचौघांत, मग सवयीनं. आणि एक दिवस कुणीतरी पोर वर्गात पायानं खडा उडवेल.

पद्धतीप्रमाणं आधी वरवंटा आला. बाळाच्या आधी पाळण्यात निजायचा मान त्याचा. त्याला आंघोळ घातलेली, कुंकू लावलेलं, डोक्यावर इवलीशी कुंची. बाळानं वरवंट्यासारखं घट्ट व्हावं म्हणून ही तऱ्हा. दोघी बायका पाळण्याच्या अल्याडपल्याड बसल्या आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याखालून वरून त्याला फिरवू लागल्या. फिरत फिरत तो धोंडूबाईच्या हातात आला. ओलसर, गार, वजनदार.

तिनं तो पुढं द्यायचा होता. तिनं दिला नाही.

दिपाली समोर, पाळण्याच्या पलीकडं, बाळाला छातीशी धरून उभी होती. तिची नजर आत्याच्या ओठांवर होती. धोंडूबाईनं वरवंटा खांद्याशी घेतला, त्याची कुंची सारखी केली, जिथं कान असता तिथं तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धोंडू."

बायका खो खो हसल्या. "अगं बया, दगडाचं बारसं!" देवयानीसुद्धा राग विसरून हसली. जोतिराम दारात उभा होता, त्याला मात्र हसू आलं नाही. बहिणीच्या तोंडून ते नाव त्यानं आजवर कधी ऐकलंच नव्हतं. दिपाली तर हललीही नाही.

मग वरवंटा बाजूला काढला आणि बाळ पाळण्यात ठेवलं. धोंडूबाई वाकली. "कुर्र..." करत बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आत्याच्या पाठीत घालायचेच असतात, आणि काहींनी मघाचा राग त्यात काढून घेतला. खाली पाळण्यात दुधाचा वास होता. पोरगी जागी होती. तिच्या कानाची पाळी तांदळाच्या पापडीसारखी पातळ. धोंडूबाईला भीती वाटत होती. एका कानाएवढं अंतर होतं आणि त्यात दोन्ही नावं मावत होती.

ती बोलली. मग उठली, पाठ सरळ केली आणि खणखणीत म्हणाली, "अक्षता!"

साखर वाटली, पाळणा हलला, बायका गाण्याला लागल्या. त्या गलक्यात दिपाली पाळण्याला वळसा घालून तिच्याजवळ आली.

"कानात काय म्हणालात?"

"अक्षता."

"आणि आधी?"

"आदी बी अक्षता. एकच नाव हाय तिचं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं..." दिपालीचा आवाज चिरकला. तिनं पाळण्याची दोरी धरली. "काही झालं तर, आत्या? काही झालं तर मी काय करू?"

इतकी वर्षं दवाखान्यात काढली, काही होणार नाही असं कुणी कुणाला सांगू शकत नाही, हे धोंडूबाईइतकं त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं दिपालीचं मनगट धरलं, बांगड्यांसकट.

"झालंच काय, तर माझ्याकडं ये आन मला दगुड म्हण. धा येळा म्हण, मला सवय हाय. मी हाय की त्यासाटी." तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसले नाहीत. "पर तिला म्हणू नगंस, बाई. तिला तेवढं म्हणू नगंस."

गाणं संपत आलं होतं. गलक्यानं की कशानं, पाळण्यातली पोरगी कुरकुरली, तोंड वेडंवाकडं केलं आणि मोठ्यानं रडायला लागली. विजयमाला पुढं झाली, पण दिपालीनं हातानं तिला थांबवलं आणि स्वतः पाळण्यावर वाकली. जन्मल्यापासून तिनं पोरीला नावानं हाक मारली नव्हती.

"अक्षता," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "अक्षता, ए, इकडं बघ."